नेम धरणारे यंत्र

हाती आलेला चेंडू दूरच्या खुणेवर नेमका फेकण्याची विद्या मनुष्यास इतक्या लहान वयात साध्य होते, की तिच्यामागे किती शास्त्र दडलेले आहे याचा विचार करण्याची गरज पुढे आयुष्यभर कोणाला भासत नाही. अंगणात पोरे लगोरी खेळतात तेव्हा अंतराचा अदमास डोळा घेतो, जोराचे माप खांदा ठरवतो, चेंडू कोणत्या क्षणी सोडावा हे बोटांना ठाऊक असते, आणि पहिला नेम चुकला तर दुसऱ्या खेपेस किती दुरुस्ती करावयाची याचा निवाडा, कागदावर एक आकडाही न मांडता, निमिषमात्रात होऊन जातो. हेच काम एखाद्या यंत्राकडून करवून घ्यावयाचे ठरले म्हणजे मात्र या मूक व्यवहारातील प्रत्येक पायरी उलगडून, तिचे मोजमाप घेऊन, तिच्यासाठी स्वतंत्र तजवीज करावी लागते. आणि जो विद्यार्थी हे एकदा मनापासून करतो त्याला बल, वेग, ऊर्जा, घर्षण हे शब्द पाठ्यपुस्तकातून उठून हाताखाली आलेले दिसतात. अशा यंत्राची रचना कशी करतात हे या प्रकरणात पाहावयाचे आहे. त्या विवेचनाचा सारांश आरंभीच सांगून ठेवतो: चेंडू फेकणे यंत्राला सोपे असते, तोच चेंडू दर खेपेस त्याच रीतीने फेकणे कठीण असते, आणि रचनाकाराची सारी बुद्धी या दुसऱ्या गोष्टीवर खर्च व्हावयास हवी.

खेळातून स्पर्धा

विद्यार्थ्यांनी यंत्रे घडवावीत आणि ती मैदानात एकमेकांसमोर उभी करावीत, ही कल्पना आता जगभर रुजली आहे. अमेरिकेत १९८९ साली स्थापन झालेल्या 'फर्स्ट' या संस्थेने १९९२ साली आपली पहिली स्पर्धा घेतली. आशिया खंडात प्रसारणसंस्थांच्या संघटनेने, म्हणजे आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने, २००२ साली टोकियो येथे 'रोबोकॉन' सुरू केली. या दुसऱ्या स्पर्धेचा विषय यजमान देशाने ठरवावयाचा, आणि तो पुष्कळदा आपल्या लोकजीवनातून घ्यावयाचा, असा शिरस्ता पडत गेला. त्यामुळे २००८ साली यजमानपद भारताकडे येऊन स्पर्धा पुण्यास भरली, तेव्हा विषय होता 'गोविंदा', अर्थात आपली दहीहंडी; आणि २०२२ साली नवी दिल्लीच्या स्पर्धेसाठी निवड झाली ती लगोरीची. पहिल्या यंत्रमानवाने चेंडू मारून पाच चकत्यांची उतरंड पाडावी, दुसऱ्याने ती पुन्हा रचावी, रचणाऱ्याच्या माथ्यावर एक चेंडू ठेवलेला असावा आणि प्रतिपक्षाने तो नेम धरून पाडण्याचा यत्न करावा, अशी त्या खेळाची बांधणी होती. पुढे २०२५ साली मंगोलियाच्या उलानबातर येथे बास्केटबॉल हा विषय आला, आणि दोघांविरुद्ध दोघे असे यंत्रमानव चेंडू कड्यात टाकू लागले. खेळ निराळे, चेंडू निराळे. परंतु नेम धरून फेकण्याचा प्रश्न दोहोंत एकच.

वऱ्हाडाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी याच मंडळाच्या पथकाने कबड्डीसारखे आपले देशी खेळ परदेशी प्रेक्षकांना दाखविले. आज त्याच मंडळाच्या छत्राखाली मल्लविद्येसोबत अभियांत्रिकीचे महाविद्यालयही चालते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अमरावतीत १९६४ पासून उभे आहे, बडनेरा व शेगाव येथील महाविद्यालये १९८३ सालची आहेत, आणि अकोल्यालगत बाभुळगाव येथेही अभियांत्रिकीच्या शिक्षणाची सोय आहे. अकोल्याच्या मनुताई कन्या शाळेतील मुलींच्या 'किट्स एंजल्स' या संघाने तर २०२० साली मुंबईतील 'फर्स्ट लेगो लीग' या स्पर्धेत यश मिळवून आंतरराष्ट्रीय फेरीपर्यंत मजल मारली. त्या स्पर्धेत मेजावर मांडलेल्या मैदानात छोट्या यंत्राने आपल्या बुद्धीने हिंडून नेमून दिलेली कामे उरकावयाची असतात. परंतु ज्या गुणाच्या जोरावर ती जिंकता येते, तो गुण, म्हणजे दर फेरीस तेच काम बिनचूक उरकण्याची यंत्राला लावलेली सवय, चेंडूफेकीच्या यंत्रातही तितकाच निर्णायक ठरतो. सामान्य परिस्थितीतल्या घरांमधून आलेल्या या मुलींनी तो गुण अकोल्यात बसून संपादन केला, ही गोष्ट या प्रांतातील प्रत्येक शाळेने ध्यानी धरावी अशी आहे.

चेंडूची वाट

नियमपुस्तिका हाती येताच मोटरी आणि चाके यांची यादी करण्याचा मोह संघातल्या उत्साही मंडळींना होतो; अनुभवी मार्गदर्शक मात्र त्यांना प्रथम चेंडूची वाट काढावयास बसवतो. समजा, बास्केटबॉलचे कडे यंत्रापासून ५ मीटर दूर आहे आणि चेंडू ज्या तोंडातून सुटतो त्याहून १.२ मीटर उंच आहे. हवेचा अडथळा तूर्त बाजूस ठेवला, तर चेंडू तेथवर पोहोचविण्यास कमीत कमी वेग लागतो तो सुमारे ५२ अंशांच्या कोनात: सेकंदाला ७.९ मीटर. याच कोनाचा आणखी एक गुण असा, की तो एका अंशाने चुकला तरी चेंडू जेमतेम अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे पडतो. एवढ्यावरून हाच कोन सर्वोत्तम, असा निष्कर्ष कोणी काढील. पण चेंडू कड्यात वरून कसा उतरतो याचाही हिशेब करावयास हवा. ५२ अंशांनी सुटलेला चेंडू कड्यापाशी सुमारे ३८ अंशांच्या उताराने येतो, आणि त्या तिरप्या दिशेने पाहिले तर ४५ सेंटिमीटरांचे कडे त्याला अवघे २८ सेंटिमीटर रुंद भासते. चेंडूचा व्यास २४ सेंटिमीटर. म्हणजे चुकीला मुभा उरली ती चार सेंटिमीटरांची.

हाच चेंडू ६० अंशांत सोडला तर वेग लागतो सेकंदाला ८.१ मीटर, म्हणजे पहिल्याहून अवघे तीन टक्के अधिक. पण उतार होतो ५१ अंशांचा, कडे भासते ३५ सेंटिमीटरांचे, आणि मुभा चारावरून अकरा सेंटिमीटरांवर जाते. या लाभाची किंमत मात्र मोजावी लागते: ६० अंशांपाशी कोन एका अंशाने बिघडला की चेंडू तब्बल नऊ सेंटिमीटरांनी चुकतो. आता प्रश्न असा उभा राहतो, की यंत्रात बिघडते काय, कोन की वेग? कोन हा लोखंडी चौकटीवर बोल्टांनी आवळून पक्का करता येतो आणि एकदा पक्का केला की सहसा हलत नाही. वेग मात्र दर फेकीला नव्याने निर्माण करावा लागतो, आणि त्यात एका टक्क्याची तफावत पडली तर पाच मीटरांवर सुमारे तेरा सेंटिमीटरांची चूक होते. म्हणून उंच कमान पत्करावी, चौकट निर्दोष बांधावी, आणि उरलेले सर्व लक्ष वेगाच्या एकसारखेपणावर एकवटावे. आकडेमोड हातास लागली म्हणजे मतभेदांचा निकाल किती लवकर लागतो, याचा हा उत्तम दाखला आहे.

फेकणारा हात

वेग निर्माण करण्याचे मार्ग तीन. पहिला ताणलेल्या स्प्रिंगचा किंवा रबराचा. स्प्रिंग ठराविक अंतर दाबली की तिच्यात ठराविकच ऊर्जा साठते, त्यामुळे मोजक्याच फेकी करावयाच्या असतील तर हा मार्ग स्वस्त आणि विश्वासाचा. रबराचे मात्र तसे नाही, कारण ताणून ठेवलेले रबर हळूहळू सैलावते आणि उन्हात लवकर जुने होते. दुसरा मार्ग दाबलेल्या हवेचा: हवेच्या नळकांड्याने दांडी झटक्यात पुढे लोटावयाची. रोबोकॉनच्या नियमांत हवेचा दाब ६ बारपर्यंत मर्यादित ठेवण्याचा प्रघात आहे, आणि हवा साठवण्यास शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या कित्येक संघ उपयोगात आणतात. पण दर फेकीगणिक साठा घटत जातो, आणि दाब नियंत्रित करणारी झडप चांगली नसेल तर शेवटचा चेंडू पहिल्याहून लवकर खाली उतरतो. तिसरा, आणि एकामागून एक चेंडू फेकावयाचे असल्यास बहुतेकांनी पत्करलेला मार्ग, फिरत्या चाकांचा.

वऱ्हाडातल्या ज्या माणसाने जिनिंगच्या कारखान्यात दुहेरी रोलरचे यंत्र चालताना पाहिले आहे, त्याला या तिसऱ्या मार्गाचे मर्म समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. तेथे उलटसुलट फिरणारे दोन रोलर कापसाचा तंतू पकडून खेचतात, आणि रोलर व पात्याचा दाब थोडा सैल पडला की रुई सुटत नाही, अधिक झाला की माल खराब होऊन रोलर झिजतो. कुशल फिटरची सारी ख्याती या दाबाच्या जुळणीवर अवलंबून असते. चेंडूच्या यंत्रातही दोन चाके परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, त्यांमधील अंतर चेंडूच्या व्यासापेक्षा थोडे कमी ठेवलेले असते, आणि चेंडू त्या फटीत शिरताच दबून, दोहो बाजूंनी पकडला जाऊन, पुढे फेकला जातो.

तो क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. चाकांचा व्यास १५ सेंटिमीटर आणि फट २१ सेंटिमीटर धरली, तर २४ सेंटिमीटरांच्या चेंडूला चाकांचा स्पर्श सुमारे १५ सेंटिमीटर वाटचालीपुरताच लाभतो. एवढ्या वाटेत त्याला थांबलेल्या अवस्थेतून सेकंदाला ८ मीटरांवर न्यावयाचे, म्हणजे सगळे काम सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात आटोपावयास हवे. ६०० ग्रॅमच्या चेंडूसाठी याचा अर्थ १३ किलोच्या वजनाएवढे बल, आणि तेही केवळ घर्षणातून. चाकाच्या रबराची पकड चांगली असली तरी त्यासाठी प्रत्येक बाजूने चेंडूवर सुमारे ८ किलोचा दाब हवा. दाब कमी पडला की चेंडू घसरतो, आणि घसरणे दर खेपेस सारखे नसते. म्हणून ज्या यंत्राची फट सैल असते त्याचे चेंडू कधी दूर, कधी जवळ असे वाटेल तेथे पडतात. चाकांवर साचलेली धूळ हीच करामत करते. फेकीच्या सरावापूर्वी चाके ओल्या फडक्याने पुसण्याची ताकीद संघप्रमुख देतात ती याकरिताच.

दोनऐवजी एकच चाक आणि समोर वाकवलेला स्थिर पत्रा अशीही रचना करता येते. तीत चेंडू पत्र्यावरून लोळत जातो, त्यामुळे चाकाच्या परिघाच्या अर्ध्याच वेगाने तो बाहेर पडतो: ८ मीटरांच्या वेगासाठी दोन चाकांना मिनिटाला सुमारे १०२० फेरे पुरतात, तर एकट्या चाकाला २०४० घ्यावे लागतात. पण या लोळण्यातून चेंडूला उलटी गिरकी मिळते, ती त्याला हवेत किंचित उचलून धरते आणि कड्यावर आदळल्यास उसळी मवाळ करते. बास्केटबॉलसाठी ही गिरकी हितकर. लगोरीची उतरंड पाडावयाची असेल तर दोन चाकांचा सरळ, विनागिरकीचा मारा बरा.

चाकाचे वजन

नवशिक्या संघांची फसगत जेथे हमखास होते ते स्थळ म्हणजे चाकाचे वजन. ८ मीटर वेगाच्या या चेंडूत सुमारे १९ जूल ऊर्जा असते. एक-एक किलोच्या दोन भरीव चकत्या परिघाशी त्याच वेगाने फिरत असतील तर दोघींत मिळून ३२ जूल साठलेले असतात. त्यांतून १९ वजा करून पाहावेत: उरलेल्या ऊर्जेत चाकांचा परिघ चेंडूहून मंद झालेला निघतो, आणि मंद चाक आपल्याहून जलद चेंडू ढकलू शकत नाही. अर्थात चेंडू अपेक्षित वेग गाठतच नाही. मोटर मोठी घेऊन हा दोष जात नाही, कारण सेकंदाच्या पंचविसाव्या भागात कोणतीही बेताची मोटर फारशी भर घालू शकत नाही. देणे द्यावयाचे ते साठ्यातूनच. याउलट तीन-तीन किलोचे वजन चाकांच्या काठाशी कड्याच्या रूपाने बसविले, तर साठा १९२ जूलांवर जातो, एक चेंडू त्याचा दशांश नेतो, आणि चाकाचा वेग अवघा पाच टक्क्यांनी उतरतो. या उपायालाही सीमा आहेच: यंत्राच्या एकूण वजनावर नियमांचे बंधन असते, जड चाक वेगास येण्यास वेळ घेते, आणि ते समतोल नसेल तर सारी चौकट थरथरून नेम बिघडवते. म्हणून लेथवर चाक काळजीपूर्वक कातून घ्यावे, बेअरिंगे चांगल्या प्रतीची वापरावीत, आणि चाकांभोवती जाळीचे आवरण बसविल्याविना ती फिरवूच नयेत. अशी कामे करणारे टर्नर आणि फिटर अकोल्याच्या डाळमिलांना आणि अमरावती-अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील जिनिंगला आजवर हात देत आले आहेत. त्यांच्या शेजारी दोन तास उभे राहिलेल्या विद्यार्थ्याला धातू समजू लागतो.

वेग उतरल्यावर तो पूर्ववत होईपर्यंत दुसरा चेंडू आत जाऊ नये, ही दक्षता घेण्याचे काम मोजणीचे. चाकाच्या शाफ्टवर एन्कोडर बसवितात. तो प्रत्येक फेऱ्याचे ठराविक भाग मोजून नियंत्रकाला कळवितो, नियंत्रक हव्या असलेल्या वेगाशी त्याची तुलना करतो, आणि तफावतीच्या प्रमाणात मोटरीचा पुरवठा वाढवितो किंवा घटवितो. ही व्यवस्था नसेल तर मोटरीचा वेग बॅटरीच्या मर्जीवर चालतो: सहा घटांची लिथियम बॅटरी भरलेली असताना २५.२ व्होल्ट देते आणि खेळ पुढे सरकेल तशी खाली येते, त्यामुळे सकाळच्या पहिल्या फेरीत कड्यात पडणारा चेंडू तिसऱ्या प्रहरी कड्याखालून जातो. वेग इष्ट मर्यादेत आल्याची खात्री होताच नियंत्रकाने चेंडू सोडणाऱ्या दाराला हुकूम द्यावा. खेळणाऱ्याने नुसते बटण दाबावे आणि निर्णय यंत्रावर सोपवावा.

नोंदवही

यंत्र उभे झाल्यावर त्याच्या परीक्षेचा भाग येतो, आणि खरी विद्या येथे पदरी पडते. भिंतीवर मोठा पुठ्ठा टांगावा, चेंडूला खडूची पूड लावावी, आणि काहीही न बदलता एकाच जागेवरून फेकीमागून फेकी करून उमटलेले डाग पाहावेत. सगळे डाग खुणेपासून हातभर दूर पण एकमेकांस लगटून असतील तर आनंद मानावा, कारण असे यंत्र चांगले असून त्याला केवळ थोडे वळवावयाचे किंवा वेग किंचित बदलावयाचा असतो. डाग खुणेभोवती पसरलेले असतील, आणि त्यांपैकी एखाददुसरा नेमका मध्यावर उमटला असेल, तर त्या योगायोगावर हुरळून जाऊ नये. जे यंत्र दर खेपेस निराळे चुकते त्याला सुधारण्याची दिशाच नसते. पसरट डागांचे कारण शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आज फट, उद्या चेंडू आत ढकलण्याचा वेग, परवा चाकाचे रबर. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणेचे श्रेय कोणास द्यावे हे कधीच उमगत नाही.

आपल्या प्रांताच्या हवेचीही नोंद या वहीत व्हावयास हवी. बास्केटबॉलमध्ये बाहेरच्या दाबापेक्षा सुमारे ०.५५ बार अधिक हवा भरलेली असते. सकाळी २५ अंशांत भरलेला चेंडू वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली ४३ अंशांवर तापला, तर हा जादा दाब सुमारे एक षष्ठांशाने वाढतो. चेंडू टणक होतो, चाकांमध्ये कमी दबतो, आणि सकाळी जुळवलेली फट दुपारी परकी होते. अकोल्याच्या उन्हाळ्यात सराव करणाऱ्या संघाने तापमान आणि चेंडूचा दाब हे दोन रकाने वहीत आखले नाहीत, तर दोष यंत्राच्या माथी मारला जातो आणि खरे कारण छपरावर तापत राहते. अंतरागणिक किती वेग लागतो याचे कोष्टकही येथेच तयार होते: दर अर्ध्या मीटरावर चाचणी घेऊन आकडे मांडावेत, मधल्या अंतरांसाठी नियंत्रकाने त्यांवरून अदमास काढावा, आणि अंतर मोजण्याचे काम संवेदकाकडे किंवा कॅमेऱ्याकडे द्यावे. लहान मुलाचा डोळा आणि खांदा जे आपापसात ठरवून घेतात, ते येथे एका कोष्टकाच्या स्वरूपात समोर येते, तपासता येते आणि दुसऱ्यास शिकविता येते.

स्पर्धेचा विषय दर साली बदलतो, त्यामुळे मोठ्या कष्टाने बांधलेले यंत्र पुढल्या वर्षी बहुधा मोडीत निघते. संघातील ज्येष्ठ विद्यार्थी पदवी घेऊन पुण्यास किंवा आणखी दूर निघून जातात, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या बोटांत मुरलेले ज्ञानही जाते. मागे राहण्यासारखे जे असते ते नोंदवहीत असते. लगोरीच्या वर्षी मोजलेली रबराची पकड, चाकाचा उतरता वेग, फटीचे प्रमाण हे सारे आकडे बास्केटबॉलच्या वर्षी कामास येतात, आणि त्यानंतर जो कोणता चेंडू येईल त्याच्याही कामास येतील. म्हणून अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांनी अशा संघांसाठी निधीची तरतूद करताना मोटरी आणि बॅटऱ्यांच्या जोडीने एका गोष्टीचा आग्रह धरावा: प्रत्येक फेक, चुकलेली असो वा साधलेली, तारखेसह नोंदली जावी, ती वही महाविद्यालयाच्या दप्तरी जमा व्हावी, आणि पुढल्या संघाने पहिला स्क्रू आवळण्यापूर्वी ती आद्योपांत वाचावी. मोठ्या शहरांतील संघांपाशी पैसा अधिक असतो, तयार सुटे भाग लवकर पोहोचतात. ती उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य अशा दहा वर्षांच्या वह्यांत आहे, कारण साहित्य बाजारातून आणता येते, स्वतः मोजून मिळविलेले आकडे कोठेही विकत मिळत नाहीत.